आजोबांच्या आठवणी, चावडीचं दफ्तर आणि तुमची पटकथा

प्रश्न लातूरहून आलाय. थोडक्यात असा: आजोबांनी निवृत्तीनंतर आठवणी लिहून काढल्या, घरच्यांनी त्या छापून नातेवाइकांत वाटल्या. ३१० पानं. जन्म १९२७चा, कळंब तालुक्यात, बार्शीच्या हद्दीपासून काही कोसांवरच्या गावात. वडिलांकडे गावची पटवारकी. आजोबा हैदराबाद मुक्तिसंग्रामात सरहद्दीवरच्या कॅम्पात होते, पुढे मास्तर झाले, बहात्तरचा दुष्काळ पाहिला, किल्लारीचा भूकंप पाहिला. नातवाने पटकथा लिहायला घेतली. ८० पानं झाली, आजोबा अजून शाळेतच आहेत. "काय गाळू?" असं त्याने विचारलंय. थोरले काका म्हणतात, एक अक्षर बदलायचं नाही. पुण्यातला एक निर्माता म्हणतो, रझाकारांचा भाग वाढवा, बाकीचं काढून टाका. नमुन्याला पुस्तकातली वीसेक पानं सोबत पाठवली आहेत.

मी मूळचा परभणीकडचा. मालिका आणि सिनेमे लिहून घर चालवतो, आणि अशी घरगुती पुस्तकं दर दोन-तीन महिन्यांनी कुणी ना कुणी माझ्यापुढे ठेवतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमची अडचण गाळण्याची नाहीच. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचा साधारण एक मिनिट, असा धंद्यातला ढोबळ हिशेब आहे. देवनागरीत, संवाद जास्त असले की तो थोडा इकडेतिकडे होतो, पण दोन तासांच्या सिनेमाला ११०-१२० पानं हे धरून चला. तुमच्या चालीने सहा-सात तासांचा सिनेमा होईल. पण समजा कात्री लावून तुम्ही तो दोन तासांत बसवला, तर काय उरेल? जन्म, शाळा, कॅम्प, लग्न, दुष्काळ, भूकंप, शेवटी हार घातलेला फोटो. प्रत्येकाला पाच-दहा मिनिटं. अशा पटकथा मी पुष्कळ वाचल्या आहेत. त्यांत घडतं भरपूर, पण पुढे काय होईल याची ओढ लागत नाही, कारण आजोबांना नेमकं काय हवं होतं आणि ते मिळू नये म्हणून कोण आडवं आलं, हे कुठेच नसतं. ते पुस्तकातही नसतं. तिथे त्याची गरजही नसते.

आठवणी लिहिणाऱ्याला शेवट ठाऊक असतो. सत्तरीत लिहायला बसलेला माणूस राग, लाज, भीती यांच्या पलीकडे गेलेला असतो. शिवाय तो सभ्य असतो. ज्यांच्याबद्दल लिहायचं त्यांची पोरं-नातवंडं त्याच गल्लीत राहतात. त्यामुळे जिथे त्याला सोपं जातं तिथे तो दहा पानं रमतो आणि जिथे अवघड जातं तिथे एका ओळीत निघून जातो. तुमच्या आजोबांनी हुरड्यावर चार पानं लिहिली आहेत. सुंदर आहेत. आणि तुम्ही पाठवलेल्या पानांत एका परिच्छेदाच्या शेपटीला हे आहे: "आमच्या तुकडीने त्या भागातील तीन गावांची दफ्तरे जाळली. त्यात आमच्या गावचेही गेले. वडील त्यानंतर बरेच दिवस माझ्याशी बोलले नाहीत." लगेच पुढचा परिच्छेद कॅम्पातल्या जेवणावर.

मी तिथे थांबलो. तुमचा सिनेमा तिथे आहे.

जरा मागे जाऊन बघा. १५ ऑगस्ट १९४७ला बार्शीत तिरंगा चढला. बार्शी मुंबई प्रांतात. तुमचं गाव निजामाच्या राज्यात. मध्ये फक्त करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका. हैदराबादने २९ नोव्हेंबरला भारताशी जैसे थे करार केला आणि वर्षभराची मुदत पदरात पाडून घेतली. निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांचा जोर वाढत गेला, आणि त्यांचा म्होरक्या कासिम रझवी तर लातुरातच वकिली केलेला. बार्शीच्या बाजूला सरहद्दीवर निजामाविरुद्ध लढणाऱ्यांचे कॅम्प उभे राहिले. करोडगिरीचे नाके जाळणं, शिंदीची झाडं तोडणं, चावड्यांतली दफ्तरं, म्हणजे जमीन-महसुलाच्या वह्या, जाळणं हे कॅम्पांचे कार्यक्रम होते. सरकारचा महसूल तोडायचा असेल तर वहीच नको, हा त्यामागचा सरळ हिशेब. आता ती वही तुमच्या गावात कुणाच्या ताब्यात होती? तुमच्या पणजोबांच्या. पिढीजात वतन, गावातल्या प्रत्येक बांधाची नोंद त्यांच्या हातची. आणि ती जाळायला आलेल्या तुकडीत त्यांचा वीस-एकवीस वर्षांचा मुलगा.

यात खलनायक कुणी नाही. पणजोबा निजामाचे चाहते असतीलच असं नाही. कदाचित त्यांच्या लेखी दफ्तर म्हणजे निजाम नव्हताच, दफ्तर म्हणजे गाव होतं. कूळ कोण, मालक कोण, कुणाचा बांध कुठवर, हे सगळं त्यात. मुलाला ते जुलमी राजवटीचं हत्यार दिसत होतं. दोघांचंही खरं. असा पेच लेखकाला स्वतःहून रचायला गेलं तर महिने लागतात. तुम्हाला तो घरातून आयता मिळालाय.

इथे एक सांगून ठेवतो. मी वीसच पानं वाचली आहेत. उरलेल्या २९०मध्ये याहून मोठं काही दडलेलं असू शकतं. कदाचित पणजोबांनीच मुलाला आतून निरोप पाठवला असेल की अमुक रात्री चावडीवर कुणी नसेल. तसं असेल तर सिनेमाचं अंगच बदलतं: मग तो दुराव्याचा राहत नाही, दोघांनी मिळून गावापासून लपवलेल्या गोष्टीचा होतो. कदाचित अबोला दफ्तरामुळे नसेलच. म्हणून पटकथा आठ दिवस बाजूला ठेवा आणि पुस्तक नव्याने वाचा, हातात पेन्सिल घेऊन. आवडलेल्या जागांवर खूण करू नका. आजोबा जिथे घाईने निघून गेले तिथे करा. "असो", "ते एक असेच", "त्याबद्दल पुन्हा कधी" असे शब्द आले की खूण. एखादं माणूस दहा पानं दिसतं आणि मग नाहीसं होतं, तिथे खूण.

नंतर त्या खुणा घेऊन घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडे जा. आत्या असतील तर आधी आत्यांकडे. माझा अनुभव असा की मुलांना बापाचा सत्कार आठवतो आणि मुलींना बापाचं घरातलं वागणं. "त्या काळाबद्दल सांगा" असं मात्र विचारू नका, भाषण ऐकायला मिळेल. वस्तू विचारा, जागा विचारा. बहात्तरच्या दुष्काळावरच्या एका पटकथेसाठी माझ्याकडे ज्या आठवणी होत्या त्यांत लिहिलं होतं, "त्या वर्षी घरच्या बायकांचेही फार हाल झाले." हाल पडद्यावर दाखवता येत नाहीत. मी त्या घरातल्या आजींना विचारलं, तेव्हा भाकरी कशाची होती? त्या म्हणाल्या, मिलोची (तेव्हा बाहेरून आलेली लाल ज्वारी). लाल भाकरी. आणि मग आपोआपच पुढचं आलं: वाड्याबाहेर कधी न पडलेली त्यांची सासू खडी फोडायला गेली, तोंडावर पदर ओढून, आणि मस्टरवर तिने माहेरचं नाव लावलं. पगाराच्या दिवशी मुकादमाने ते नाव पुकारलं तेव्हा आपल्यालाच बोलावताहेत हे तिच्या क्षणभर ध्यानातच आलं नाही. हा सीन मला सुचला नसता. पुस्तकातही नव्हता. भाकरीच्या रंगावरून निघाला.

तुमच्या बाबतीत विचारायचं ते असं: दफ्तर कुठे ठेवलेलं असायचं, चावडीत की घरी? घरी असेल तर कुठे, बळदाजवळ, माडीवर? रुमालात बांधलेलं? किल्ली कुणाकडे? जाळलं ते चावडीपुढे की शेतात? आजी-पणजीपैकी कुणी पाहिलं? अबोला कसा पाळला, म्हणजे जेवायला एका पंगतीला बसायचे का? निरोप कुणामार्फत? "बरेच दिवस" म्हणजे किती? उत्तरं एकमेकांशी जुळणार नाहीत. न जुळलेली उत्तरं जास्त कामाची असतात, तीही लिहून ठेवा.

आता काळाचं. माझं मत स्पष्ट आहे: १५ ऑगस्ट १९४७ ते १७ सप्टेंबर १९४८, आणि वर थोडंसं. तेरा महिने. शाळा, नोकरी, दुष्काळ, भूकंप सगळं बाहेर. किल्लारी सोडणं तुम्हाला जड जाईल हे कळतं, कारण ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटेची ती पानं बहुधा पुस्तकातली सर्वांत हलवून सोडणारी असतील. पण तो दुसरा सिनेमा आहे. म्हातारे आजोबा ढिगाऱ्यापाशी बसलेत आणि तिथून फ्लॅशबॅक, हा मोह तर अजिबात धरू नका. मोठ्या दुःखाच्या चौकटीत लहान गोष्ट बसवली की ती लहानच दिसते.

तेरा महिन्यांत बापलेकांना किती वेळा समोरासमोर आणायचं, हा खरा रचनेचा प्रश्न. मुलगा हद्दीपलीकडे, बाप अलीकडे. सारखे भेटले तर पेच ढिला पडतो, भेटलेच नाहीत तर सिनेमाच नाही. मी चार भेटी धरेन. पहिली, मुलगा घर सोडतो ती. दुसरी येळवशीला. तुमच्या भागातला सण आहे, तुम्हाला काय सांगायचं: डिसेंबर-जानेवारीतली ती अमावस्या, सगळं गाव शेतात, कडब्याची कोप, भज्जी, आंबील, आणि गावात चिटपाखरू नाही. पोलिसांच्या नजरेतून सुटलेल्या पोराला आईला भेटायला याहून बरा दिवस कुठला? शेतात परक्यालाही जेवू घालायचा रिवाज, त्यामुळे कोण आलं गेलं याची चौकशी होत नाही. याच दिवशी अमीनसाहेबही पाहुणा म्हणून कोपीवर आला तर? पोलीस अधिकारी पंगतीत बसलाय, पोरगं तुरीत लपलंय, आणि पणजोबा आग्रह करकरून वाढताहेत. "पटवारी, लडका किधर को गया?" असं अमीन सहज विचारतो. पणजोबा त्यावर काय म्हणतात, तो सीन तुम्ही लिहा. मी सांगणार नाही. तिसरी भेट दफ्तराच्या रात्रीची. चौथी सप्टेंबरनंतरची.

येळवशीला अमीन आलाच होता का? बहुतेक नाही. मग हे चालतं का? माझा दंडक असा: घडण्याजोगं असलेलं जोडायला हरकत नाही, जोडल्याने माणूस खोटा पडता कामा नये. तीन पाहुण्यांचा एक पाहुणा करा, दोन महिन्यांतल्या घटना एका आठवड्यात आणा, गावाचं नाव बदला. पण घाबरलेल्या माणसाला शूर करू नका, आणि न बोललेल्या बापाला शेवटी मिठी मारायला लावू नका. काकांचं "एक अक्षर बदलायचं नाही" हे खरं म्हणजे याच भीतीपोटी आलेलं असतं. त्यांना शब्दांची फिकीर नाही, आपला बाप पडद्यावर भलताच कुणी होईल याची आहे. त्यांना तसं सांगून बघा.

चौथ्या भेटीबद्दल थोडं जास्त लिहावं लागेल, कारण निर्मात्याच्या मागणीचं उत्तरही तिथेच आहे. तुमच्या पानांत आजोबांचा एक मुसलमान वर्गमित्र आहे. विहिरीत पोहणं, एकत्र अभ्यास, सगळं त्याच्याबरोबर. तुम्हीच लिहिलंय की सप्टेंबर १९४८नंतर तो पुस्तकात कुठेच येत नाही. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा सोलापूरकडून आत आल्या, १७ला निजामाने शरणागती जाहीर केली, आणि पुस्तकातलं ते प्रकरण झेंडावंदनावर संपतं. त्यानंतरच्या आठवड्यांत काय झालं याची चौकशी सरकारनेच करवली होती. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने नोव्हेंबर-डिसेंबर १९४८मध्ये दौरा केला. अहवाल अनेक दशकं बाहेर आला नाही. त्यात सर्वाधिक झळ पोहोचलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आहे, बीदर, गुलबर्गा आणि नांदेडही आहेत. मेलेल्यांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिलाय, आणि ते बहुतेक मुसलमान होते. रझाकारांनी त्याआधी जे केलं ते खोटं नाही, तुमच्या गावाने भोगलेलंही असेल, आणि ते सिनेमात हवंच. पण तेवढंच वाढवून १७ सप्टेंबरच्या झेंड्यावर पडदा पाडायचा, ही निर्मात्याची मागणी मानली तर बापलेक उरतच नाहीत, नुसता धूर आणि घोडे उरतात. आणि तो वर्गमित्र दुसऱ्यांदा नाहीसा होतो.

त्याचं काय झालं हे घरात कुणालाच माहीत नसेल तर शोध घ्या. तरीही कळलं नाही तर त्याचं मरण रचू नका, आणि त्याला वाचवणारे आजोबाही रचू नका. त्याच्या घराला कुलूप आहे, आणि त्या घराची नोंद ज्या वहीत होती ती वही जळालेली आहे, एवढं पडद्यावर असलं तरी पुरे. ते घर कुणाचं, हे आता कोण सांगणार? हा प्रश्न पणजोबा मुलाला विचारू शकतात. इतक्या दिवसांच्या अबोल्यानंतरचं पहिलं वाक्य म्हणून मला तरी तो चालेल.

कागदावर उतरवण्याचा क्रम थोडक्यात सांगतो. आधी एका पानात गोष्ट. मग वनलाइन, म्हणजे प्रत्येक सीन एक-दोन ओळींत, साधारण ६० ते ७० सीन. प्रत्येक सीनपुढे लिहा, इथे कुणाला काय हवंय. जिथे लिहिता येत नाही तो सीन माहितीसाठी आलाय, काढा. वनलाइन घट्ट होईपर्यंत संवादाला हात लावू नका. आजोबांचा आवाज निवेदन म्हणून वापरायचा मोह होईल, कारण त्यांची वाक्यं गोड आहेत. पहिला ड्राफ्ट निवेदनाशिवाय करा. नंतर ज्या दोन-तीन जागी त्यांच्या शब्दांवाचून खरंच अडेल तिथे घ्या.

संवादाबद्दल एवढंच की पुस्तक मास्तरांच्या भाषेत आहे, घर त्या भाषेत बोलत नव्हतं. "कुठं गेलतास", "काय करायलास" हे तुमच्या कानात असेलच. चावडीवर उर्दू-दखनीची सरमिसळ, अर्ज नव्हे दरख्वास्त, कलेक्टर नव्हे अव्वल तालुकदार, सर्कल नव्हे गिरदावर. मात्र सगळ्यांना एकाच ठशात बोलायला लावू नका. पणजोबा अमीनाशी, बायकोशी आणि सालगड्याशी तीन तऱ्हांनी बोलत असणार.

खर्चाचा विचार लिहितानाच करा, नाहीतर निर्माता करेल आणि चुकीच्या जागी करेल. १९४८चा मराठवाडा आज सहज सापडत नाही. भूकंपानंतर लातूर-धाराशिवकडे दगडमातीच्या घरांची धास्तीच बसली, गावंच्या गावं नव्याने बांधली गेली, जुनी माळवदं शोधत फिरावं लागतं. सप्टेंबरात शूटिंग लावलं तर आज शिवारभर सोयाबीन दिसेल. तेव्हा ज्वारी, तूर, कापूस, भुईमूग होता. कॅमेरा रुंद उघडला की काळ फसतो. बार्शी लाइट रेल्वेची लातूरकडे येणारी अरुंद गाडी केव्हाच गेली, तिथे ब्रॉडगेज आहे. म्हणून घर, चावडी, शेतातली कोप, विहीर, नाका एवढ्या जागांत गोष्ट बसते का बघा. माझ्या मते बसते. दफ्तर जाळण्याच्या रात्रीला मोठा जमाव लागतही नाही. सात-आठ पोरं, कंदील आणि दाराआड उभा बाप.

कायद्याचा भाग कोरडा आहे पण टाळू नका. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क टिकतो आणि तो वारसांकडे जातो. मृत्युपत्रात वेगळं काही नसेल तर आजी हयात असल्यास आजी, तुमचे वडील, सगळे काका आणि सगळ्या आत्याही. "काकांनी हो म्हटलं" याला अर्थ नाही. सगळ्यांच्या सह्यांचा लेखी करार करा, त्यात मुदत आणि प्रदेश लिहा. मुदत लिहिली नाही तर कायदा ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. पुस्तक छापताना कुणा प्रकाशकाशी काही कागद झाला होता का तेही तपासा. गावातल्या इतर घरांची नावं बदला, कारण मृत माणसाच्या बदनामीवरूनही त्याच्या घरचे फौजदारी तक्रार करू शकतात. पटकथा कुणाला ऐकवण्याआधी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचे सभासद होऊन तिथे नोंदवून घ्या. काम ऑनलाइन होतं.

राहिला तुम्ही न विचारलेला प्रश्न, पण पत्रातून डोकावतो: स्वतः लिहावं की दुसऱ्या लेखकाला द्यावं. हे तुमच्याकडे वेळ किती आणि पुन्हा पुन्हा लिहायची तयारी किती यावर आहे. वनलाइनपर्यंत तुम्हीच करा असं मी म्हणेन, कारण आत्यांच्या ओसरीवर बसून किल्ली कुणाकडे होती हे विचारणं बाहेरच्या लेखकाला जमणार नाही. त्यापुढे अडलात तर संवादांसाठी कुणी जोडीदार घ्या, श्रेय आणि मानधन आधी कागदावर ठरवा. आणि वनलाइन झाली की काकांना वाचायला देऊ नका. समोर बसून तोंडी सांगा, सलग, तासाभरात. ते कुठे अडवतात त्याची टिपणं घ्या.